मग बंद

न्हाय न्हाय, आता परत सेल्फ मारू नका, सावकार. पाचदा मारलाय, तेवडं बास झालं. बॅटरी बसली तर ढकलायला मानसं कुटनं आनायची या उनात? पेठेतल्या हमालांनी हितवर ढकलत आनली तेच लई झालं. बसा त्या बाकड्यावर, माठात पानी हाय, घ्या. तुमचं बरोबर हाय की — सकाळी नीट आली, दोन तास सावलीत उभी व्हती, अन् निगायच्या वक्ताला अडून बसली. गाडी अशीच करती, आदी सांगून कोन बंद पडतंय? तशी गरीब हाय गाडी तुमची. फकस्त कुटं दुखतंय ते तिला सांगता येत न्हाय, आन् मला आता पैल्यासारकं कळत न्हाय. तसं म्हंजे कळतं — उशिरा कळतं.

तास गेला तुमचा, बगतोय मी. कार्बोरेटर खोलला, धुतला, फुकला. पेट्रोल येतंय, पंप उचलतोय, पायपात कचरा न्हाय. उगंच खोलला. पन कसं हाय, मी पेट्रोलचा मानूस. कंची बी गाडी बंद होऊन दारात आली की माजा हात आदी कार्बोरेटरवर जातो, करंटकडं मी शेवटाला बगतो. का म्हंजे — करंटचं बगनारा दुसरा व्हता हितं. तो वरचा बोर्ड बगताय व्हय? बगा की, सगळेच बगतेत. 'हरिबा', मग काळा पट्टा, मग 'मोटार वर्क्स'. रंग सांडलाय तितं. — न्हाय, एवड्या वर रंग सांडंल कसा? मीच मारलाय, शिडी लावून. तितं शिवप्पा व्हता. 'हरिबा-शिवप्पा मोटार वर्क्स'. चौदा वर्सं व्हता.

त्येची रीतच येगळी व्हती. पान्याला हात लावायच्या आदी मालकाला म्हनायचा, तीनदा सेल्फ मारा. आन् ह्यो आपला बॉनेटवर तळवा ठिवून, डोळे मिटून उभा. मालकाला वाटायचं, मेकॅनिक हाय का पुजारी. तिसऱ्या बारीला डोळे उगडून माज्याकडं बगायचा आन् एवडंच म्हनायचा — 'हरिबा, तुजी.' न्हायतर — 'माजी.' तुजी म्हंजे पेट्रोल, माजी म्हंजे करंट. चौदा वर्सांत दोन-चारदा चुकला असंल, तेबी ताप असताना. गाडी सुरू झाली की लहान पोरावानी वरडायचा, 'बंतु, बंतु' — आली, आली. मराठी झ्याक बोलायचा, माज्यापरास शुद्ध, पन खूश झाला की त्येला मराठी सुचायचीच न्हाय. रागावला की मराठी, खूश झाला की कानडी. आमच्या केराबाईनं, म्हंजे माज्या मंडळीनं, दोन्ही ऐकलंय. मी काय शिकलो चौदा वर्सांत? बा, होगु, साकु, नीर — ये, जा, पुरे, पानी. आन् बंतु. बास. माडा तालुक्यातला मानूस मी, माजी जीभ वळत न्हाय तिकडं.

तुमचं गाव कंचं म्हनलात मगाशी? दुधनी. — असू द्या. सहज इचारलं.

ही वायर बगा आता, प्लगातनं काडली. इंजनाजवळ धरतो मी, तुमी एकदाच सेल्फ मारा. एकदाच. मारा — बास, बास. दिसली का ठिनगी? मला बी न्हाय दिसली. संपलं तर. 'माजी' म्हनला असता त्यो, आन् तुमी आतापत्तोर अक्कलकोटाच्या फुडं गेला असता. आता बल्ब लावून बगतो, करंट कुटवर येतोय ते. हितवर येतोय, कॉइलपत्तोर येतोय. मग त्याच्या फुडं मरतोय. हे झाकन काडावं लागतंय, ज्यातनं चारी प्लगाला करंट वाटतेत ते. मला हे काम आवडत न्हाय, खरं सांगतो. लोकांना सांगतो मी, करंटचं असलं तर दुसरीकडं जावा. तुमाला बी सांगनार व्हतो. पन तुमी घामानं भिजून आला आन् मला सांगवंना.

भांडन कसलं? भांडन न्हाय झालं. — झालं की, का खोटं बोलू. त्येला एक पोरगा व्हता, निंगप्पा. एकुलता. मॅट्रिकला बसला, नापास झाला, आन् निकाल बगून घरी गेलाच न्हाय. ही सत्तरची गोष्ट. तवापास्नं शिवप्पा हुडकायला लागला. कोन म्हनलं हुबळीला हाटेलात दिसला, की ह्यो निगाला हुबळीला. कोन म्हनलं रायचुराला गिरनीत हाय, की रायचूर. चार दिस हितं, धा दिस बाहेर. मी एकटा. आन् मग आलं बाहत्तर साल, दुष्काळ — दुष्काळी कामावरच्या जीपा, टँकर, सगळं दारात रांगेनं बंद पडलेलं, निम्म्याचं करंटचं काम. पान्याचा टँकर बंद पडला की मागं गाव तहानलेलं असतं, सावकार. लोक येऊन माजी गचांडी धरायचे. मी दमलो व्हतो. रोज दमलेलो असायचो. आन् त्यो आला, पिशवी काकंत, म्हनला, हरिबा, मी दुधनीला जातो, घरी जरा टेकतो आन् तितनं गुलबर्ग्याला, एक जन म्हनतोय —

तवा बोललो मी. म्हनलं, शिवप्पा, आठ दिसांत परत आलास तर ठीक, न्हायतर मग बंद. आपलं दोगांचं बंद. एवडं म्हनलो. — एवडंच न्हाय म्हनलो. अजून एक म्हनलो. आता का सांगतोय तुमाला, कोन जानं, केराबाईला सुदिक सांगितलं न्हाय. म्हनलं, दोन वर्सं झाली, चिट्टी न्हाय चपाटी न्हाय, तुजा पोरगा मेला असंल, शिवप्पा. असं तोंडावर म्हनलो. रागावला असता तर मराठीत चार शिव्या दिल्या असत्या, मला बरं वाटलं असतं. माज्याकडं बगितलं, त्येचा तारांचा डबा फळीवर ठिवला आन् गेला.

आठव्या दिशी पलीकडच्या पेट्रोल पंपावर फोन आला. आमचा फोन तितंच यायचा. मी टँकरखाली झोपलेलो, हाक मारली तर निगंपत्तोर फोन कटला. पंपावरला कारकून बार्शीकडला, नवा व्हता. त्येनं चिट्टीवर लिवून आनलं. 'दुधनीहून शिवप्पा. मग बंद.' म्हनलं, अजून काय बोलला? म्हनला, न्हाय, आवाज नीट येत नव्हता, दोनदा-तीनदा तेच बोलले, मग बंद, मग बंद, आन् ठिवला. आता तुमीच सांगा, मी काय समजायचं? मी म्हनलो व्हतो, न्हायतर मग बंद. आठवा दिवस. माजाच शब्द माज्या तोंडावर मारला त्येनं. आन् मला वाटलं, बरोबर केलं. जे मी बोललो व्हतो त्याला दुसरं काय उत्तर असतंय? मी राग बी धरला न्हाय. म्हंजे धरला. दुसऱ्या दिशी शिडी लावली.

मग चार दिसांनी यष्टीच्या ड्रायवरकडं डबा आला. होळगी — आमी पुरनपोळी म्हनतो ती. चंद्रव्वाच्या हातची, शिवप्पाच्या बायकोच्या, मी वास ओळखतो. सोबत निरोप काय न्हाय. मला वाटलं, चौदा वर्सं हितं जेवलो-खाल्लो, त्याची फेड करून मोकळे झाले. म्या तोंडात घातली न्हाय. पंपावरल्या लोकांना वाटून टाकली, डबा धुऊन तसाच माघारी धाडला. मोकळा. आन् म्हैन्याभरानं त्यो सोता आला व्हता म्हने. मी काम करत व्हतो, मला दिसला न्हाय. समोरचा चहावाला सांगतो, तुमचा शिवप्पा रस्त्याच्या त्या अंगाला उभा व्हता, बोर्डाकडं बगत. धोतर नवं, अंगात नवा सदरा. चहा सांगितला, पिला न्हाय, आन् परत यष्टीत बसला. सहा वर्सं झाली त्याला.

हां, हे बगा. हितं हाय बगा तुमच्या गाडीचं दुखनं. झाकनाच्या आतली ही बारकी तार दिसली का? वरनं कशी साबूत हाय, कापड बी फाटलं न्हाय. मी मगाशी बगितली आन् म्हनलं, ही चांगली हाय. आता बोटानं जरा वडली तर रबरावानी लांब होतीय. म्हंजे आतला तांबा तुटलाय, वरचं कापड नुसतं धरून हाय. येवडीशी तार, आन् मी तासभर पेट्रोल फुकत बसलो. थांबा, तारंचा तुकडा पायजे. त्येच्याच डब्यात असंल. मी हात लावत न्हाय त्या डब्याला, पन आता काय करता. — धूळ बगा कसली बसलीय. तार हाय. ही चिट्टी पन हाय. मीच टाकली व्हती हितं, त्येच्या वस्तूंत त्येची वस्तू.

तुमी बाकड्यावरनं उटलात का? पानी पायजे का? — व्हय, दुधनीचाच की शिवप्पा. यष्टी स्टँडच्या मागं ऱ्हायचा. वळकता? बरा हाय का? करंटचंच करतोय? — कोन कोन? बाप-लेक? न्हाय सावकार, दुसरा कोन तरी असंल तुमच्या डोळ्याफुडं. ह्याला एकच पोरगा, निंगप्पा, आन् तो तर — डाव्या भुवईवर जखमेचा वण हाय? व्हय, व्हता. शिडीवरनं पडला व्हता, हितंच, ह्याच दारात. कवा आला? — नीट आटवा. कवा? — दुष्काळात. कंचा म्हैना?

म्हंजे त्येच दिसांत. मग मला का न्हाय कळवलं त्येनं? चौदा वर्सांचा मानूस मी. त्येनं एक शब्द — काय? चिट्टी? घ्या की, बगा. कारकुनाचं अक्षर हाय, पन वाचता येतंय. वाचा.

काय म्हनलात? परत वाचा.

तुमी 'मग' न्हाय म्हनलात. तुमी 'मगा' म्हनलात. — मगा म्हंजे? — कानडीत मगा म्हंजे मुलगा.

आन् बंद? — न्हाय, आलं म्हंजे बंतु, मला ठावं हाय ते, चौदा वर्सं ऐकलंय की. — गाडी आली तर बंतु. मानूस आला तर — बंद?



तो बार्शीचा कारकून. त्येला काय म्हाईत. मराठी कानानं ऐकलं आन् मराठीत लिवलं. त्येचा काय दोष न्हाय. आन् मी? मला कळायला पायजे व्हतं की. मीच तुमाला सांगितलं मगाशी — रागावला की मराठी, खूश झाला की कानडी. तीनदा बोलला त्यो फोनवर. पोरगा दारात आला आसंल, आन् ह्यो डाकघराकडं पळाला आसंल, ट्रंककॉल लावून बसला आसंल. पैला फोन मला. मी मेला म्हनलो व्हतो, आन् पैला फोन मला. मग होळगी पाटवली. मग नवं धोतर नेसून आला. आन् म्या त्येला काय दावलं? काळा पट्टा दावला.

तार बारीक हाय. थांबा, हे टोक हिकडं, हे तिकडं. आता ही सरकली न्हाय म्हंजे झालं. बसा आत. मारा सेल्फ.

— बगा. पैल्या बारीला.

न्हाय, काय द्यायचं न्हाय मला. खिशातला हात काडा. तुमी जावा आता, गाडी बंद करू नका वाटंत, तुकडा घातलाय नुसता, अक्कलकोटात थांबला तरी चालू ठिवा. त्येला सांगा — काय सांगनार तुमी? सहा वर्सांनी काय सांगायचं मानसानं? नका सांगू काय. जावा. जावा म्हनतो न्हवं.

— थांबा. ती तार हलली म्हंजे? मैंदर्गीच्या माळावर बंद पडला तर तितं कोन हाय तुमाला? करंटचं काम मला नीट जमत न्हाय, सांगितलं की. मी बसतो संगं. तारंसाठी. तुमच्या गावच्या करंटवाल्याला दावू, त्यो पक्की करून दील. डबा बी त्येचा हाय, तो घेतो. दार लावून घेतो, खडू हाय हितं कुटंतरी, दारावर लिवून ठिवावं लागंल. सावकार, मानूस आला तर बंद, न्हवं? म्हंजे हरिबा आला हे कसं म्हनायचं तुमच्यात? — हरिबा बंद. — तसंच लिवतो. पंपावरले वाचतील त्यांच्या कानानं, वाचू द्या, दुकान बंदच हाय आज. तितं दुधनीत गेल्यावर तुमी फकस्त एवडंच दोन शब्द त्येच्या दारात उभं राहून म्हना, मी मागं उभा ऱ्हातो. मला नीट म्हनता येनार न्हाय.

सरका जरा. आन् दुधनीपत्तोर माज्याशी बोलू नका.