एंकोसच्या गालाचा दस्ता

जावातल्या चिपाचिंग गावी, बंदुकांचे कारागीर ओडिंगआबा यांच्या पडवीत कारसा आपली छर्ऱ्याची बंदूक दुरुस्त होण्याची वाट बघत बसला होता. आत एक पोरगेलं गिऱ्हाईक विकायला ठेवलेली जुनी बंदूक पारखत होतं.

"आबा, बंदूक झकास आहे, पण दस्ता गालाला टोचतोय."

"टोचणारच. एंकोसच्या गालाच्या मापाने कोरलाय तो."

"मग त्याने विकायला का काढली?"

"त्याने कुठली? दुरुस्तीला टाकली होती. शुक्रवारी नमाजानंतर यायचा बिचारा, अन् मी म्हणायचो, पुढच्या शुक्रवारी ने."

"मग?"

"मग एका शुक्रवारी त्याच्या जनाज्यालाच गेलो. त्याची बायको म्हणाली, आता विकूनच टाका."

"अरेरे! बरं, दस्त्यावर जरा रंधा मारा. माझ्या गालाजोगता करून द्या."

कारसाने पडवीतून आत डोकावलं; आबा रंधा बाजूला ठेवून दस्त्यावरून अंगठा फिरवत होते.

"आबा?"

"करतो, बाळा. पुढच्या शुक्रवारी ये."