एका पानावर एक चित्र

(कट्टा गाव, १९६३. देवळात संध्याकाळच्या कीर्तनाची तयारी चालली आहे.)

तुळसा : नायच म्हणता, बुवा. देवाच्या पाया पडाक तेवढी इली, भायर पायरेर बसली आसा. कीर्तनाक थांबूची नाय.

दाजीबुवा : तुझी नणंद सत्यवती? चार वर्षांत तिनं माझं एक कीर्तन चुकवलं नाही गो. कान असलेले डुलक्या काढतात, ही बहिरी मात्र ताठ बसलेली.

तुळसा : ता चित्रांच्या मासिकामुळे. तुमी त्याच अंकातली गोष्ट सांगतास, मी तिची चित्रां तिच्यासमोर धरतंय. ह्यो बघा नवो अंक. ह्येंनी मुंबयसून धाडल्यानी.

दाजीबुवा : एवढासा? पूर्वी उघडला की अख्खा पाट झाकायचा.

तुळसा : आता तळहाताएवढो, पानां चौपट. बघल्यान आनि माज्या अंगार टाकल्यान.

दाजीबुवा : लहान झाला म्हणून रुसली?

तुळसा : ता निमित्त. गेल्या खेपेचां नावाड्याचां आख्यान आठवता? होडी बुडाली, अख्खां देऊळ रडत होतां...

दाजीबुवा : आणि ती खुदकन हसली. खरं सांगतो, मला राग आला होता.

तुळसा : मोठ्या पानार बारा चित्रां एकदम, ती आदीच शेवटाक पोचली. तुमचो नावाडी बुडत होतो, तेव्हा तिचो घराक जावन पेज जेवत होतो.

दाजीबुवा : अरे देवा. म्हणजे आख्यान मीच लांबवलं.

तुळसा : बायका वळान वळान बघूक लागल्यो. तेव्हापासून हातान सांगता, माजां थंय काय काम?

दाजीबुवा : आण तो अंक. ... अगो, एका पानावर एकच चित्र आहे.

तुळसा : तांच म्हणतंय. पान कधी उलटूचां, ता मागे बसान कसां कळतलां?

दाजीबुवा : मागे कशाला? पुढे बसव, झांजवाल्या हरिश्चंद्राच्या शेजारी. मी मान हलवली की पान उलटायचं. बुडेल तो सगळ्यांचा एकदमच बुडेल, तरेल तोही एकदम.

तुळसा : आनि एकाच चित्रार रमली तर?

दाजीबुवा : तर मी अभंग आळवीन. तेवढा गळा अजून शाबूत आहे.

तुळसा : पुढे बसली म्हणान बायका बोलतल्यो.

दाजीबुवा : बोलू देत, तिला कुठे ऐकू येतं? जा, विचार.

...

दाजीबुवा : काय म्हणाली?

तुळसा : अंक घेतल्यान, पदर सारखो केल्यान. इचारता, पयलां पान आताच उघडू, काय तुमी कीर्तनाक उभे रवल्यार?