पट्टा आईला लागतो

हात नका लावू म्याडम, निघंल तो कागद — मैद्याच्या खळीनं डकवलाय नुसता, आन् निघाला तर दुसरा लिवून द्याय ती हितं न्हाय. बसा की. त्या खुर्चीवर काय लिवलंय? खुर्ची. व्हय, मग बसा तिच्यावर. माठावर माठ, आरशावर आरसा, दारावर दार — सगळं मायाक्काचं अक्षर, माझ्या सुनंचं. मी सारजाबाई, सासू. मीबी जाते वर्गाला, पर माझं अक्षर म्हंजी कोंबडीनं उकरल्यावानी. समाजमंदिरात धम्मप्रिया बाई शिकवत्यात, त्येंनी सांगितलं, घरात जे जे रोज वापरात हाय त्येचं नाव लिवा आन् तितंच डकवा, म्हंजी आई, आजी, लेकरू येता-जाता वाचत्यात. कुटुंब साक्षरता म्हणत्यात त्येला — तुमाला काय सांगायचं, तुमी पुण्यासनं त्येच तर तपासाय आलाय. जरा हळू बोला फकस्त. ल्योक आत निजलाय, महिपती. घोरतोय, ऐकू येतंय न्हवं? चिंचोळीला कारखान्यात जातो, आता रजंवर हाय, हाताला पलास्टर हाय त्येच्या. मोरीत घसरला. ल्हान जागा, शेवाळ — घसरला.

मायाक्का? मायाक्का न्हाय. न्हाय म्हंजी गेलीय. माहेरला न्हवं, माहेर तिकडं कर्नाटकाच्या शिवंला, तितं कोण उरलंय तिचं. आसंच, गेलीय. आरोहीबी संगं हाय, माझी नात, दुसरीतली. कुटं ते मला ठावं न्हाय, मला नका इचारू — तुमी मोबाइलात काय दाबताय? गळती? गळती नका दाबू, म्याडम. गळती लिवलं की वर्गाचं गुण जात्यात, गुण गेलं की सरकारचं अनुदान थांबतं, आन् अनुदान थांबलं की समाजमंदिराला कुलूप. धम्मप्रिया बाई घरी, आन् आमी बाया परत आंगठ्यावर. मला समदं कळतं. ती परत आली तर बसंल कुटं मग? ती गळली न्हाय. ती गेली. गळणं निराळं आन् जाणं निराळं, तेवढं तुमच्या त्या मोबाइलात न्हाय का?

लगीन होऊन आली तवा मराठी धड न्हवतं तिला. काय बी इचारलं की गोत्तिल्ला — ठावं न्हाय म्हणायची कन्नडात. उसाच्या फडात आई-बापामागं फिरलेली पोर, तिला कुटली शाळा. आन् वर्गाला लागली ती आशी लागली की दुकानातनं पुडा आणला तरी सोडून वाचायची, तेल लागलेला कागद उजेडाला धरून वाचायची — काय? तो खिळा? रिकामाच हाय तो. खाली पट्टा लिवलंय, व्हय, बराबर वाचलं तुमी. आता न्हाय तितं पट्टा. मी बंबात घातला, लई घाण वास सुटला चामड्याचा, शेजारीण इचाराय आली काय जळतंय. चामड्याला खळ धरंना म्हणून तिनं कागद खिळ्याखाली भितीवर डकवला हुता, तो ऱ्हायला.

आता कशाचा पट्टा म्हणून काय इचारताय, कमरंचा. माझ्या मालकाचा. ते मेले, पट्टा ऱ्हायला. माझ्या पाठीवरबी त्योच, तिच्या पाठीवरबी त्योच, मधी बक्कल तेवढं बदलून आणलं. आता तुमी म्हणशिला, घरात पट्ट्याचं नाव कशाला लिवायचं. का नको? रोज वापरातली वस्तू म्हणलं हुतं न्हवं बाईंनी? माठ रोज वापरात, आरसा रोज वापरात, पट्टा रोज वापरात. तिला कुणाची खोड काढायची न्हवती, म्याडम. सांगितलं तसं केलं. अभ्यास केला.

आन् धम्मप्रिया बाईंनी भितीचा फोटू काढून वर पाठवला, वरनं आलं की लई छान, आदर्श घर. मग सायब लोक आलं वर्ग तपासाय, तुमच्या आदीचं. बापबी हजर पायजे म्हणलं, पालक सहभाग, त्येचं गुण निराळं — म्हणून महिपती गेला. इस्त्रीचा शर्ट, कमरंला त्योच पट्टा. दहावी पास हाय त्यो, ह्या घरात शिकलेला त्योच एक, त्येचाबी आमाला एक गुण मिळाला. सायबांनी आरोहीला उभं केलं. म्हणलं, बाळ, घरातल्या भितीवरचा एक शब्द सांग आन् त्येचं वाक्य कर. पोरगी हाताची घडी घालून म्हणली — पट्टा. पट्टा आईला लागतो. सायब हासलं. म्हणलं, शाब्बास, बाबाला लागतो तसा आईलाबी लागतो व्हय, साडीवर? सगळी हासली. टाळ्या वाजल्या, पैकीच्या पैकी गुण. लागतो म्हंजी त्येंना एकच ठावं — पायजे आसतो. आमच्यात दुसरा हाय, म्याडम. धम्मप्रिया बाई हासल्या न्हाईत. आन् महिपती हासला न्हाय.

घरी आला. कडी घातली. शर्ट काढून नीट घडी घातली, मळंल म्हणून. मग भितीवरचं कागद हाताला लागलं तेवढं वरबाडलं आन् तिच्या तोंडात कोंबलं. खा म्हणला, खा अक्षरं, लई भूक लागलीय न्हवं तुला. ती गिळंना तर नाक दाबलं. मग पट्टा काढला — आन् प्रत्येक रट्ट्याला इचारायचा, लागतो का? वाक्यात सांग. पुऱ्या वाक्यात सांग. बक्कल कानावर बसलं, कान फाटला, रगात मानंवरनं खाली. तोंडात कागद, ती वरडणार तरी कशी. पोरगी मांडणीखाली. हे माठ, आरसा, खुर्ची कोपऱ्यातलं म्हणून वाचलं. आन् तो पट्टा लिवलेला — तो त्येनं मुद्दाम ठिवला. ऱ्हाऊ दे म्हणला, बराबर लिवलंय.

मी? मी हितंच, पाट्यापाशी, वाटण वाटत हुते. हात धरला न्हाय मी त्येचा. हात धरून ऐकतंय व्हय ते? वरवंटा उचलला आन् मनगटावर घातला. हाड वाजलं, पट्टा खाली पडला, त्यो खाली बसला. मग अजून एकदा घातला, त्याच मनगटावर. त्येची गरज न्हवती. पहिला मायाक्काचा हुता, दुसरा माझा.

मोरीत — व्हय, मोरीतच, सरकारी दवाखान्यात मोरीतच सांगितलं. त्येनंबी तसंच सांगितलं. आईनं मोडला म्हणून कारखान्यात कुटल्या तोंडानं सांगंल? आन् तुमीबी मोरीतच ऐकलंय, म्याडम, ध्यानात ठिवा. दवाखान्यातनं आला तर घर रिकामं. डाव्या हातानं माझा गळा धरला, कुटं घातलीस सांग म्हणला. मी म्हणलं, गोत्तिल्ला. पलास्टर निघू दे म्हणला, गाव सापडू दे नुसतं, उभी चिरतो तिला. करंल त्यो. माझ्या पोटचा हाय, मला ठावं हाय. म्हणून ह्यो वरवंटा उशाला घिऊन निजते मी. त्येच्यावर लाल दिसतंय ते नखपालिश हाय, तिचंच, दुसरं काय न्हाय — दगडाला कागद टिकंना, म्हणून नखपालिशनं लिवलं, माझ्या हातानं. आता त्योबी रोज वापरात हाय की. अनुस्वार ऱ्हायलाय त्येच्यात, तुमी म्हणायच्या आदीच सांगते. वरवटा झालंय. कापा गुण.

पर तिचा गुण कापू नका. मायाक्का हजर न्हाय, परीक्षा दिली न्हाय, ह्येच लिवणार न्हवं तुमी? तुमाला काय तपासायचं हुतं, तिला वाचाय येतं का त्येच की न्हाय? मग ऐका. आजवर ती कुटं गेली तर ह्येच्या मागनं, त्यो चढंल त्या गाडीत. त्या दिशी फाटक्या कानावर पदर बांधून, पोरीचा हात धरून एकटी गेली यश्टी स्टँडवर. कुणाला इचारलं न्हाय — इचारलं तर कोणतरी ध्यानात ठिवतं, आशी आशी बाई इचारत हुती म्हणून सांगतं. गाड्यांवरच्या पाट्या वाचत हिंडली ती. बार्शी, न्हाय. मोहोळ, न्हाय. मंगळवेढा, न्हाय. स्वतःच्या डोळ्यानं वाचत वाचत गेली, आन् अकलूज दिसल्याबरुबर चढली. कुणीबी हात धरला न्हाय तिचा. तितं दूध डेअरीत काम लागलं म्हणली फोनवर, भितीवरची पाटी म्या वाचली म्हणली, आत्ती, समदी वाचली —

काय झालं? आसं का बघताय?

मी काय म्हणलं आता?

गावाचं नाव घेतलं का मी?

म्याडम — घोरायचं कवा थांबलं?

न्हाय, तुमी बोलू नका. उटा. चप्पल हातात घ्या, पायात न्हवं. गुण द्यायचं ते द्या, कापायचं ते कापा, गळती तेवढं नका लिवू. धम्मप्रिया बाईंना सांगा, तिला फोन लावा म्हणावं, आत्ताच्या आत्ता, तितनं हल म्हणावं. आन् तो वरवंटा सरकवा हिकडं. सरकवा की. आता ते समोर काय लिवलंय? वाचाय येतं न्हवं तुमाला? दार. व्हय. जावा. आन् बाहीरनं कडी घाला.