नक्को सांगू

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी टीव्हीवर तिचा आवडता जुना विनोदी प्रेमपट लागला होता. ती प्रत्येक विनोद आधीच सांगून हसत होती. “नक्को सांगू,” मी नेहमीसारखं म्हणाले.

आज तोच सिनेमा सिकंदराबादला पुन्हा लागला. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या.

“दीपमाला, लाइट जाती अन् हीरो नवरीच्या आजीलाच गजरा देतो बघ!”

“मम्मी, नक्को ना! सगळं आधीच सांगतीस.”

“आजी लाजती गं!”

“कान झाकले मी.”

“लाजून गजरा माळती, अन् मग...”

“हसू नक्को, लोकं बघायलेत!”

हसता हसता मावशींचं वाक्य अर्धंच राहिलं. मला सिनेमा पाठ होता.

“मावशी,” मी म्हणाले, “सांगा ना, पुढं काय होतं?”