सत्कारमूर्ती येईपर्यंत दोन शब्द

आजच्या सोहळ्याच्या अध्यक्षा आणि माझ्या नातीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. प्रमुख पाहुणे, तयार कपड्यांच्या दुकानाचे मालक, ज्यांचे फ्रॉक आज आपल्या वसाहतीतल्या निम्म्या मुलींच्या अंगावर आहेत. मंडळाचे सर्व पदाधिकारी. व्यासपीठाच्या कडेला उभे असलेले आमचे चिरंजीव, पहिल्या रांगेत बसलेल्या सूनबाई, आणि इतकं उकडत असूनही खुर्च्या न सोडलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो आणि मुलांनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मघाशी जाहीर केलं, की सत्कारमूर्ती वाटेत आहेत, तोवर आजींनी दोन शब्द बोलावेत. म्हणजे मी आज भरतीची वक्ता. हरकत नाही. मी आयुष्यभर मुलांच्या वॉर्डात नर्स होते, मोठे डॉक्टर येईपर्यंत वेळ काढणं मला नवीन नाही. पण व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी आहे, तिला फुगे बांधलेत, आणि तुमची सगळ्यांची नजर माझ्यावर कमी आणि दारावर जास्त आहे. नातीला घेऊन यायचं काम माझ्याकडे होतं. मी आले आणि ती आली नाही. का, ते सांगणारच आहे. ती सुखरूप आहे, काळजीचं काही नाही. एवढं आधीच सांगून टाकते, कारण चिरंजीवांचा चेहरा मला इथून दिसतोय.

तर सर्वप्रथम मंडळाचे आभार. एवढ्या लहान वयात सत्कार व्हायला भाग्य लागतं असं अध्यक्षीण बाई म्हणाल्या. मला सेवानिवृत्तीच्या दिवशी एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, तेही बंद. नातीला मोठं मानचिन्ह आहे, त्यावर तिचा फोटो आहे आणि खाली नाव आहे : भिंगरी.

या नावाबद्दल थोडं बोलू का? हे नाव मी ठेवलेलं. चालायला लागल्यापासून एका जागी म्हणून टिकायची नाही, स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत, जाता जाता काहीतरी सांडून ठेवणार. मी ओरडायचे, 'अगं भिंगरे, बस की एका जागी!' शाळेतलं नाव वेगळं, हे फक्त घरातलं, हाक मारायचं. आता ते फलकावर आहे. बाजारात परकी माणसं तिला त्या नावाने हाक मारतात, गाल ओढतात, फोटो काढतात. मला काही म्हणायचं नाही, तुम्ही प्रेमानेच करता. पण मध्यंतरी मी तिला घरात त्या नावाने हाक मारली, तर ती दचकली, केस सारखे केले आणि हसून वळली. समोर मी एकटीच होते. त्या दिवसापासून मी तिला नुसतं 'अगं' म्हणते.

हे सगळं सुरू कसं झालं ते बऱ्याच जणांना माहीत आहे. आमच्या ह्यांना औषध घ्यायचा कंटाळा. नात तेव्हा पाच वर्षांची. कमरेवर हात ठेवून तिने आजोबांना झापलं, 'तुम्ही काय लहान आहात का? आ करा!' आणि ह्यांनी निमूटपणे आ केला. एरवी माझं एक ऐकायचे नाहीत! चिरंजीवांनी ते फोनवर टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तुम्हीही हसलात.

आता माझ्या मुलाबद्दल. तो वाईट नाही. हे मी आई म्हणून सांगत नाही, नर्स म्हणून सांगते. वाईट बाप मी पुष्कळ पाहिलेत. तो काम करायचा तो छापखाना बंद पडला होता. दिवसचे दिवस खिडकीपाशी बसायचा, दाढी वाढलेली, कोणी बोलवलं तर हूं की चूं नाही. मी मनातून घाबरले होते. त्या एका व्हिडिओने तो उठून बसला. लोक कौतुक करत होते, त्याला काहीतरी जमत होतं. पोरीने आजोबांना औषध दिलं आणि बापही बरा झाला, असं मी तेव्हा म्हणाले होते. मग व्हिडिओंचे, जाहिरातींचे पैसे यायला लागले आणि पुढे घरच तिच्यावर चालायला लागलं. पोरगी शाळेतून आली की आमच्या घरात कामावर हजर व्हायची.

सकाळी उठण्याचा व्हिडिओ तुम्हाला आवडतो ना? भिंगरी डोळे चोळते, जांभई देते, 'सुप्रभात' म्हणते. गोड आहे. पण तो कसा होतो? ती खरी उठते तेव्हा चेहरा सुजलेला, केस पिंजारलेले. मग तोंड धुवायचं, केस विंचरायचे, ते थोडे विस्कटायचे, परत अंथरुणात शिरायचं, डोळे मिटायचे आणि उठायचं. जमलं नाही की परत झोपायचं. गेली कित्येक वर्षं ही मुलगी रोज जागी झाल्यावर झोपतेय!

आणि त्यामुळे काय झालं, तर खरी झोप गेली. ती अंथरुणावर केस विंचरून पडते. उजव्या कुशीवर, दाराकडे तोंड करून, कारण ती बाजू फोटोत चांगली येते. डोळे मिटलेले आणि ओठांवर थोडं हसू. मी वॉर्डात झोपेचं सोंग घेणारी मुलं बघितलीत, इंजेक्शन चुकवायला घेतात. तेव्हा मी लटकं रागवायचे आणि ती मुलंही फिसकन हसायची. हिच्या कपाळावर हात ठेवला, तर डोळे न उघडता हळूच विचारते, 'आजी, चालू आहे का?' नाही गं, काही चालू नाही, मी आहे. 'नक्की?'



बाई, तुम्ही मघाशी म्हणालात, शाळेला तिचा अभिमान आहे. असणारच. पण मधल्या सुट्टीत ती डबा कुठे खाते, माहीत आहे का तुम्हाला? तुम्हाला दोष देत नाही, मलाही माहीत नव्हतं. पाण्याच्या टाकीमागे खाते. एकटी. एक मैत्रीण होती, आमच्या घरी यायची, दोघी पलंगाखाली शिरून तासन् तास कुजबुजायच्या. ती यायची बंद झाली. तिच्या आईने सांगितलं होतं, त्यांच्या घरात बोललेलं सगळ्या जगाला ऐकू जातं, तू जायचं नाहीस. मला त्या आईचा राग नाही आला. माझी मुलगी असती तर मीही पाठवली नसती.

लाखो लोक ओळखतात आणि डबा खायला कोणी नाही. अशी कशी ही ओळख?

शिवाय मुली वाढतात हो. नाक मोठं होतं, दात वेडेवाकडे येतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात. तिला आता बारावं लागलंय. व्हिडिओखाली लोक लिहितात ते ती स्वतः वाचते, वाचता येतं तिला, वर्गात पहिला नंबर असायचा. एक दिवस माझ्यापाशी येऊन बसली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, 'आजी, मी कधीपासून गोड नाहीये गं?' तारीख विचारावी तसं. मी तिला जवळ घेतलं, आणि हाताला लागलं की मानेमागचे केस विरळ झालेत. उपटते. बोटाला गुंडाळून एकेक. पुढून दिसत नाही म्हणून मागचे.

पाहुणे घड्याळ बघतायत, मी आवरतं घेते. बाळा, तू दाराकडे जाऊ नकोस. थांब जरा. आईचं भाषण आहे.

आज सत्कार कशासाठी आहे? 'आजोबांना निरोप' या व्हिडिओसाठी. मंडळाच्या पत्रकात छापलंय, तो बघून असंख्य डोळे पाणावले. माझे यजमान गेले त्याला वर्ष होत आलं. तुम्ही तेव्हा सगळे धावून आलात, ते मी विसरणार नाही. पण एक गोष्ट त्या खोलीत होतो तेवढ्यांनाच माहीत आहे.

ह्यांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. नात शाळेतून आली, दप्तरासकट त्यांच्या पायांवर पडली आणि रडायला लागली. मी जन्मभर मुलांचं रडणं ऐकलंय, पण तसं नाही ऐकलं. नाक वाहत होतं, आवाज फाटला होता. तिचा बाप समोर उभा होता. त्याच्या हातात फोन होता, तो नातेवाइकांना कळवत होता. बाकी काही करत नव्हता, देवाशप्पथ. तिने मान वर केली, तो फोन बघितला. एकदम रडायची थांबली. बाहीने तोंड पुसलं, केस मागे घेतले आणि विचारलं,

'बाबा, आलं का? की परत रडू?'

माझा मुलगा मटकन खाली बसला. त्या दिवशी तो बापासाठी रडला की पोरीसाठी, मी विचारलं नाही. काही दिवस फोनला शिवला नाही. मला वाटलं, सुटलो. मग लोक विचारायला लागले, आजोबा कुठे दिसत नाहीत, भिंगरी कुठे आहे. आणि मग तो निरोप झाला. खिडकीजवळ, उजेड बघून, धुतलेल्या फ्रॉकमध्ये. त्यातलं रडणं तिसऱ्या खेपेचं आहे. तुमचे डोळे पाणावले ते खोटं नव्हतं, पण तुम्ही जे बघितलं तो तिचा आजोबांना निरोप नव्हता. खरा निरोप दप्तर पाठीवर असताना झाला आणि अर्ध्यावर राहिला. अजून तो अर्ध्यावरच आहे.

आता आजचं सांगते.

दुपारी चिरंजीव आणि सूनबाई दिव्यांची व्यवस्था बघायला पुढे आले. नात तयार होऊन माझ्या खोलीत आली. साहेब, तुमच्याच दुकानातला पिवळा फ्रॉक. म्हणाली, 'आजी, दार लावू?' मी म्हटलं, लाव. 'कडी घालू?' घाल. 'तुझा फोन?' मी तो उशीच्या खोळीत कोंबला आणि खोळ कपाटात टाकली. ती माझ्या पलंगावर टेकली. म्हणाली, 'आज तिथे सगळे आजोबांबद्दल विचारतील. मला रडायला येणार नाही, आजी. किंवा खरंच येईल. काय करू?' मी म्हटलं, काहीच करू नकोस, पड जरा. मग तिने आणखी एक मागितलं. 'मला एक दुसरं नाव ठेव ना. फक्त घरातलं. बाबांना सांग, पण बाहेर नको.'

मी ठेवलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, भिंतीकडे वळली आणि झोपली.

बाळा, ऐकतोयस ना? डाव्या कुशीवर झोपलीय. भिंतीकडे तोंड करून. तोंड उघडं आहे, उशीवर लाळ गळतेय, घोरतेसुद्धा. तू लहानपणी अगदी असाच घोरायचास. साहेब, तुमच्या फ्रॉकच्या सुरकुत्यांची मी माफी मागते. शेजारच्या मावशींना तिच्याजवळ बसवलंय, त्यांना सांगितलंय, कोणीही आलं तरी उठवायचं नाही. ती वाटेत वगैरे नाही. ती येणार नाही.

तीस वर्षं मी वॉर्डात एकाच गोष्टीसाठी मोठ्या डॉक्टरांशी भांडले. झोपलेलं मूल मी तपासणीसाठी उठवू द्यायचे नाही. 'नंतर या,' म्हणायचे. हाताखालच्या नर्स मुली मागे सरायच्या, पण डॉक्टर नंतर यायचे. आज माझ्यासमोर डॉक्टर नाहीत, माझाच मुलगा आहे, म्हणून जास्त जड जातंय. तुला चारचौघांत बोलले. घरात बोलायचा प्रयत्न केला होता, पण घरात आपण बोलायला लागलो की कोणीतरी म्हणतं, थांबा, हे छान आहे, परत बोला.

नाही रे, रागावून नाही सांगत. छापखाना गेला तेव्हा तू खिडकीपाशी बसलास, मी तुला कधी 'ऊठ' म्हणाले? रोज चहा आणून ठेवला आणि बसले शेजारी. आताही बसेन. माझं निवृत्तिवेतन आहे, तुझे हात आहेत, सूनबाई खंबीर आहे. ओढाताण होईल. होऊ दे. पण तिच्या आजोबांसाठी तिला एकदा पूर्ण रडू दे, आणि तेव्हा तुझे दोन्ही हात रिकामे असू देत.

मी बोलायला उभी राहिले तेव्हा तू सवयीने फोन माझ्यासमोर धरला होतास. आता हात खाली आलाय. मला इथून दिसतंय.

अध्यक्षीण बाई, एक विनंती. हे मानचिन्ह मी नेणार नाही, कृपा करून गैरसमज नसावा. पुष्पगुच्छ मात्र नेते, ह्यांच्या फोटोपाशी ठेवीन. तुम्ही सत्काराला आलात आणि मी निरोपाचं बोलले. भिंगरीला निरोप द्यायला तुम्ही जमलात असं समजा. इतकी वर्षं तुम्ही तिच्यावर माया केलीत, त्याचे मनापासून आभार. नवीन नाव विचारू नका, ते मी सांगणार नाही. म्हातारीच्या बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्या.

आणि कार्यक्रमानंतर जे आमच्या घरावरून जाणार आहेत, त्यांनी कृपा करून गाडीचा हॉर्न वाजवू नका.