स्टिकरखालचा स्क्रू

“हॅलो?... हो, मीच. दुसरं कोण उचलणार?... नाही गं, झोपले नव्हते. इथेच होते, फोनजवळ.”

ती पावणेतीनपासूनच फोनजवळ होती. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं तिने टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांचे फोन लोकांना जोडून दिले होते. आता दिवसातून एकच फोन यायचा, दुपारी तीनला, आणि तो तिचा स्वतःचा असायचा. लेकीचा. आठ महिन्यांचं बाळ झोपलं की लेक नंबर फिरवायची, आणि बाळ रडून उठेपर्यंत दोघी बोलत बसायच्या. मोबाइल तिच्याकडेही होता, पण आवाज कानात नीट भरायचा तो या जुन्या फोनवरच.

“पिल्लू झोपलं?... आणि तू जेवलीस?... उभ्या उभ्या? अगं, त्याला जेवण नाही म्हणत, त्याला पोट बुजवणं म्हणतात... बरं, बरं. नाही बोलत. तू बोल.”

“कोण म्हणाली?... दवाखान्यातली नर्स. हो, आज वजन करायला जायचं होतं ना... वाढलंय? गुणाचं गं ते... तुझं? तुझं कशाला केलं?... चार किलोनं कमी?... हं... मग काय दिलं तिनं?... काय? छंद?... छंद लावून घ्या म्हणाली? दिवसातून कितीदा, जेवणाआधी की जेवणानंतर?”

एरवी असल्या बोलण्यावर पलीकडून हसू यायचंच. आज नुसता श्वास आला. एक्सचेंजमध्ये माणूस दिसायचा नाही, त्यामुळे तिचे कान श्वास वाचायला शिकले होते.

“रडते आहेस... नाही कसं? नाक ओढलंस तू... सर्दी? बरं, सर्दी तर सर्दी. वाहू दे... मी आहे. मला काही घाई नाही.”

“कागद दिलाय? यादीच? वाच बघू... बागकाम... तुझ्याकडे निवडुंगसुद्धा जगला नव्हता, आठवतंय? त्याला पाणी लागत नाही, तरी मेला बिचारा... विणकाम... पोहणं. हो, आणि बाळाला काठावर वाळत घाल... रोजनिशी लिहिणं. काय लिहिणार? आज सहा लंगोट... नाही गं, थट्टा नाही करत. त्या बाईचं चुकलेलं नाही. तिचा कागद चुकलाय. यादी करून किराणा आणतात. छंद असा यादीतून नाही निघत.”

“हो, हो... अगं ऐक ना... ऐक. वेळ नाही हे मला कळतं. सलग वेळ नाहीच. दहा मिनिटांचा एक तुकडा इकडे, पाच मिनिटांचा तिकडे... मला? मला कसला छंद होता! नोकरी, तू, आणि तुझे बाबा. संपलं. तेव्हा वाटायचं, आई म्हणजे असंच असायचं. स्वतःसाठी अर्धा तास बसले, तर कुणाचा तरी अर्धा तास चोरल्यासारखं... हो ना? तुलाही वाटतं? मग बघ... आणि नंतर तू गेलीस. जायलाच हवं होतं. पण तू गेल्यावर मी कपाट उघडून उभी राहायचे, आणि आपण काय घ्यायला आलो तेच आठवायचं नाही. घ्यायचं काही नसायचंच... नाही, तुला दोष नाही देत. पिल्लूसुद्धा जाईल एक दिवस. तेव्हा तू कपाटापुढे उभी राहू नयेस, एवढंच म्हणते.”

पलीकडे लेक काहीतरी हळूच म्हणाली.

“काय?... पुन्हा म्हण... माझ्याशी बोलणं हाच तुझा छंद?”

तिने रिसीव्हर या कानाकडून त्या कानाकडे घेतला. नवरा गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून इतकं गोड कुणी काही बोललं नव्हतं.

“सकाळीही करशील?... म्हणजे दोनदा... रोज?”

सकाळ फार लांब असायची. नऊ वाजता घर आवरून व्हायचं आणि मग तीन वाजेपर्यंत नुसता जिना ऐकायचा. कोण चढतंय, कुठल्या मजल्यावर थांबतंय. ‘कर गं बाई, अवश्य कर’ हे शब्द जिभेवर आलेच होते. पण मघाचं ते नाक ओढणं तिच्या कानात अजून होतं. जी बाई दिवसात दोन फोन करून रडते, तिचं वजन काही वाढणार नाही.

“नको. सकाळी नको... राग कसला! अगं, मी घरी नसते... कुठे म्हणजे? वर्गाला जाते. पुस्तकबांधणीच्या. इथे वाचनालयात, दोन गल्ल्या सोडून... झाला की महिना.”

वर्ग होता, हे खरं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीन ते चार. तीही एकदा निघाली होती. काचेच्या दारापर्यंत पोचली. आत लांब टेबलाभोवती चार-पाच माणसं सुया ओवत बसली होती, एकजण डिंकाच्या भांड्यात ब्रश बुडवत होता. दारावर पाटी होती : वर्गात फोन बंद ठेवावेत. ती पाटी वाचून ती तशीच मागे फिरली, धापा टाकत दोन मजले चढली आणि चौथ्या घंटीला फोन उचलला. कापडी पिशवी तेव्हापासून दाराच्या खुंटीवर लटकत होती. आजही शुक्रवारच होता.

“का नाही सांगितलं? लाजले... अगं, या वयात लाजायचं नाही, मग कधी?... बांधलं की. एक बांधलं. बाबांचा शब्दकोश. तोच, जाडा, ज्याचा ‘म’पासून पुढचा गठ्ठा सुटून आला होता... कसा म्हणजे? दोऱ्यानं. आधी दोऱ्याला मेण लावायचं... मग शिवायचं... मग डिंक... फोटो? पाठवते ना... आत्ता नको, डिंक ओला आहे... महिनाभर ओला कसा म्हणजे? हवा दमट आहे बये इकडे!... हसू नकोस.”

लेक हसली नव्हतीच. तिला बरं वाटावं म्हणून ही आपली म्हणाली.

एवढ्यात पलीकडून घोगऱ्या आवाजात काहीतरी गाऊ लागलं.

“हे काय वाजतंय?... बदक? खेळण्यातलं?... आपोआप वाजतं? बटण न दाबता?... मग बंद कर, उठेल ना ते... उशीखाली कोंबलंस? तरी गातंय मेलं!... नाही, खिडकीतून फेकू नकोस. थांब. फेकू नकोस म्हणते ना! घरात स्क्रूड्रायव्हर आहे?... जावयांच्या हत्यारांच्या डब्यात बघ. छोटा आण. फोन ठेवू नकोस, तसाच बाजूला ठेव. मी आहे इथे.”

ती थांबली. लाइन उघडी होती. दूरवर कपाटाचं दार वाजलं, डबा सरकला. त्या आवाजाबरोबर तिला दुसरी एक दुपार आठवली. एक्सचेंजचा जुना काळा फोन तिने घरी आणला होता, सोमवारी सही करून परत द्यायचा होता. कामावरून येऊन बघते तर नऊ वर्षांची लेक स्वयंपाकघरात जमिनीवर पालथी, आणि वर्तमानपत्रावर सगळा फोन सुटा मांडलेला. लेकीला तहानभूक नव्हती, आई आल्याचंही भान नव्हतं. तिने सरळ एक थप्पड लगावली आणि स्क्रूड्रायव्हर उचलून वरच्या फळीवर टाकला.

“आलीस?... बदक उलटं कर. पोटावर बघ... किती?... चारही काढलेस? मग निघत का नाही झाकण?... ताणू नकोस, तुटेल. पाचवा असणार... असतो गं. स्टिकर आहे ना तिथे? त्याच्याखाली चाचपून बघ... लागला खड्डा? बघ!... मला कुणी सांगितलं? तूच. नऊ वर्षांची होतीस. ‘आई, एक स्क्रू नेहमी स्टिकरखाली लपवलेला असतो.’ रडत रडत सांगत होतीस... तोच. काळा फोन... थप्पडही आठवते?”

थोडा वेळ ती वायरशी चाळा करत राहिली.

“चुकलं माझं... नाही, बोलू दे मला. घाबरले होते गं. सरकारी वस्तू. पण रात्रीच्या आत तू सुरीच्या टोकानं तो पुन्हा जोडलास, आणि सोमवारी कचेरीत लावला तेव्हा तो वाजला. आधी खरखरायचा, तो स्वच्छ वाजला. हे मी तुला सांगितलंच नाही कधी... का? कसं सांगणार? आधीच मारलं होतं ना. शाबासकी दिली असती तर थप्पड चुकीची ठरली असती... मग तू पुन्हा काही उघडलंच नाहीस. मी वाट बघत होते. खरंच. मुद्दाम इस्त्री बिघडली म्हणून तुझ्यासमोर ठेवली होती एकदा, प्लग काढून. तू बघितलंही नाहीस... तो पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आहे अजून. माझ्याकडेच आहे.”

“रडू नकोस. स्क्रू हरवतील... वाटीत ठेव. निघाले त्या क्रमानं... बरं बाई, तुलाच ठाऊक. मी कोण शिकवणारी!”

पलीकडे आता फारसं काही ऐकू येत नव्हतं. प्लॅस्टिकची कुरकुर, मग नखाने खरवडल्यासारखं काहीतरी.

“दिसतंय काही?... हं... तार निघालीय?... नाही?... मग?... काय चिकटलंय? दूध? बटणाच्या रबराखाली? वाळलेलं?... म्हणजे बदकाला पण पाजलं होय पिल्लानं!”

आणि लेक हसली. नाकातून नाही, पोटातून.

“काही नाही... काही नाही गं, हसलीस म्हटलं.”

“पुसलंस? लाव बघू आता... वाजलं. आणि थांबलंही! शहाणं बदक... आता काय? भिंतीवरचं घड्याळ?... लग्नात आलेलं ते? बंदच आहे ना दोन वर्षं, मग उघड की. बिघडून बिघडून काय बिघडणार आहे?... मात्र विजेच्या वस्तूला प्लग काढल्याशिवाय हात नाही लावायचा हं... हो, आहे मी भित्री. भित्री तर भित्री.”

“हॅलो?... ऐकते आहेस?... हं... मी म्हणत होते, समोरच्या शिंपीणबाई... नाही, विशेष काही नाही. कर तू... चाकाचे दाते मोजते आहेस का? मोज.”

तिने आपल्या घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट. दीड मिनिट. आठ महिन्यांत या लाइनवर इतकी शांतता कधी झाली नव्हती.

“हं, बोल... उद्या?... उद्या तीनला घड्याळ अर्धवट राहील म्हणतेस... मग नको ना करूस फोन. त्यात काय एवढं!... रविवारी कर. रविवारी जावई घरी असतात, धरतील पिल्लाला... छे, वाईट कशाला वाटेल? मलाही तीनला वर्ग असतो ना... सकाळी होता आधी. आता वेळ बदलली... हो, आजपासूनच. अगं, किती चौकशा!”

“काय?... दोन्ही हात लागतात? मग ठेव की फोन... अगं, ठेव. आधी तू ठेव... हो. रविवारी... जेव मात्र, बसून जेव... हॅलो?”

खट्.

रोज बाळाच्या रडण्याने फोन संपायचा. आज कुणीच रडलं नव्हतं. एक्सचेंजमध्ये नियम होता, दोन्हीकडचे दिवे विझल्याखेरीज मधल्या बाईने तार काढायची नाही. ती सवयीने तशीच बसली, कानाशी तो लांबलचक सूर घेऊन. तीन पंचवीस झाले होते. खुंटीवर पिशवी होती, पिशवीत ‘म’पाशी फुटलेला शब्दकोश होता. डिंक ओला आहे असं सांगून बसली होती खरी, आता तो कुठेतरी जाऊन ओला करणं भाग होतं. वर्ग चारपर्यंत होता. दोन गल्ल्या.

तिने घसा साफ केला. ट्रंककॉलवर दर तीन मिनिटांनी मध्ये बोलायचा तो कामावरचा जुना आवाज अजून शाबूत होता, स्वच्छ, कुणाचाच नसलेला.

“तीन मिनिटं झाली,” ती रिकाम्या लाइनला म्हणाली. “वाढवून देऊ?”

उत्तरासाठी ती नियमाप्रमाणे थोडी थांबली. मग तिने फोन ठेवला.