फिनलंडची सुरी

परदेशात, ओटाहुहूच्या पोस्टात पार्सलच्या रांगेत उभ्या स्नेहलच्या कानी मराठी पडलं आणि तिने कान टवकारले. पुढे एक सासरे आणि त्यांची सून नुकतंच आलेलं खोकं उघडत होते.

"बाबा, ही खास फिनलंडची सुरी, लाकूड कोरायला."

"मूठ झकास आहे गं! गॅरेजमधल्या त्या रिमू झाडाच्या लाकडाचा बैल करतो. दे इकडे."

"बाकावर ठेवते, तुम्ही उचला. हातात सुरी दिली की भांडण होतं."

"हातातच दे, ममता."

"आणि झालं भांडण तर?"

"होऊ दे. तुम्ही दोघं कामाला गेलात की घरात दिवसभर माणसाचा आवाज नसतो."

ममताने म्यानासकट सुरी त्यांच्या हातात दिली.

"सोफ्यावर एक जरी ढलपी दिसली ना, बाबा, तर बघा!"

"हां! आता कसं!"